एकाच पाठीचे दोन हिशेब

अतिदक्षता विभागातील परिचारिकेच्या तक्त्यावर, नाडी, रक्तदाब, ताप, लघवीचे प्रमाण आणि व्हेंटिलेटरचे आकडे यांच्या गर्दीत, खालच्या अंगाला एक लहानसा रकाना असतो. त्यात प्रत्येक पाळीला एक आकडा लिहावयाचा असतो आणि तो ६ ते २३ यांच्या दरम्यान कोठे तरी पडतो. कमरेखाली, टाचांवर, घोट्यांवर, डोक्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे जेथे हाड आणि बिछाना यांच्यामध्ये त्वचेखेरीज फारसे काही उरत नाही अशा जागी, शय्याव्रण होण्याचा संभव किती आहे हे त्या आकड्याने सांगावे अशी अपेक्षा असते. आकडा जितका लहान, तितका धोका मोठा. नाडी आणि रक्तदाब यंत्राच्या साक्षीने लिहिले जातात. हा आकडा मात्र परिचारिकेच्या नजरेतून, हातातून आणि मतातून निघतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी एक प्रश्न विचारणे प्राप्त होते: त्याच रुग्णाची तीच पाठ त्याच घटकेला दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे पाहिली, तर दोघींचा आकडा एकच येईल काय?

माझी बहुतेक नोकरी मराठवाड्यातील एका सरकारी रुग्णालयात आणि तेथून निवृत्त झाल्यावर काही काळ पुण्यातील एका खाजगी रुग्णालयात गेली. आम्ही शिकत होतो तेव्हा असा रकाना नव्हता. होती ती ‘बॅक केअर’. सकाळ-संध्याकाळ रुग्णाला कुशीवर घ्यावयाचे, पाठ पुसावयाची, स्पिरिट लावून चोळावयाची, वर पावडर, आणि टाचांखाली पाणी भरलेले रबरी हातमोजे. हा शिरस्ता इतका पक्का होता की परीक्षेत त्याचे टप्पे क्रमाने लिहिले नाहीत तर गुण कापले जात. पुढे कळले की लाल झालेली जागा चोळल्याने खालच्या ऊती अधिकच दुखावतात, स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि पाण्याचे हातमोजे टाचेवरचा दाब काही कमी करीत नाहीत. परंतु त्या जुन्या शिरस्त्याचा एक गुण असा होता की त्यात पाठ दिवसातून दोनदा उघडी पडे आणि कोणीतरी तिच्याकडे पाही. आकडा लिहिण्यासाठी पाठ उघडावीच लागते असे नाही. या प्रकरणाचे मर्म येथेच आहे, आणि पुढचे सारे त्याचाच विस्तार समजावा.

या आकड्याचा वंश इंग्रजी-अमेरिकी आहे. शय्याव्रण हा दोष कोणाचा, हा वाद त्याहूनही जुना. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या पुस्तकात त्याचे माप सामान्यतः परिचारिकेच्याच पदरात घातले, तर त्याच शतकात पॅरिसचा नामांकित मज्जातंतुतज्ज्ञ शार्को याने काही व्रणांचे मूळ मेंदूच्या व मज्जारज्जूच्या इजेत दाखवून ते अटळ ठरविले. एकीने सगळा बोजा शुश्रूषेवर टाकला, दुसऱ्याने तो साफ उचलून घेतला. आणि आजही कोणा रुग्णाला व्रण झाला की चौकशीच्या टेबलाभोवती ही दोन्ही माणसे नाव न घेता हजर असतात. १९६२ साली लंडनमध्ये डोरीन नॉर्टन आणि तिच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास करताना पाच बाबींचे गुणपत्रक सिद्ध केले. १९८५ मध्ये ज्यूडी वॉटरलो हिने आपले, बरेच लांबलचक, पत्रक मांडले. आणि १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी परिचारिकांचे सहा बाबींचे पत्रक प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जे रूढ झाले ते हेच शेवटचे. संवेदना, ओलावा, हालचाल, अंथरुणात स्थिती बदलण्याची शक्ती, आहार, आणि घर्षण व सरकणे. पहिल्या पाचांना १ ते ४ गुण, सहाव्याला १ ते ३. बेरीज १८ किंवा त्याखाली आली की धोका आहे असे मानावयाचे, ९ किंवा त्याखाली आली की अत्यंत धोका. एनएबीएच या रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनाबरोबर हा रकाना खाजगी रुग्णालयांत सर्वत्र पोचला, आणि तेथून कालांतराने सरकारी तक्त्यांतही उतरला.

परिसेविका या नात्याने महिनाअखेर तक्ते तपासण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्या तपासणीत एक गोष्ट मला हळूहळू खटकू लागली. एका रुग्णाचा आकडा सकाळी १२, दुपारी १२, रात्री १२, दुसऱ्या दिवशी पुन्हा १२, असा तो चार-चार दिवस तसूभर न हलता चाले. मध्यंतरी त्या रुग्णाची झोपेची औषधे बंद झालेली असत, जुलाब सुरू झालेले असत, रक्तदाब सावरण्यासाठी नॉरॲड्रेनलीन चढलेले असे, पण बारा तो बाराच. तपासणीला येणाऱ्या साहेबांना हे फार पसंत पडे. नोंदींत सुसंगती आहे असा शेरा ते मारीत. सुसंगती खरीच होती, परंतु ती मागच्या पाळीच्या आकड्याशी होती. रुग्णाच्या पाठीशी तिचा संबंध उरला होता की नाही, हे तक्त्यावरून सांगता येण्याजोगे नव्हते. तीन व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या मुलीने रात्री तीन वाजता वरच्या ओळीतला आकडा खाली उतरविला, तर तिला दोष देण्याइतकी मी निर्दय नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे अतिदक्षतेत एका रुग्णास एक परिचारिका असावी, आणि ते मानक मी माझ्या नोकरीत पाळलेले फारसे पाहिले नाही. म्हणून मी दोष न काढता एक तजवीज केली. ओव्हर देताना-घेताना जाणारी आणि येणारी अशा दोघींनी रुग्णाला मिळून कुशीवर घ्यावे, पाठ पाहावी, आणि मग एकमेकींना न दाखविता आपापल्या चिठ्ठीवर सहाही बाबींचे गुण लिहून चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवाव्यात.

पहिल्या काही दिवसांतच लक्षात आले की बेरजेपेक्षा बाबी अधिक बोलतात. बेरीज पुष्कळदा जुळे, आणि आत पाहावे तर एकीने ओलाव्याला १ व आहाराला ३ दिलेले, दुसरीने ओलाव्याला ३ व आहाराला १. दोन चुका, किंवा दोन मते म्हणा हवी तर, एकमेकींना खाऊन टाकीत आणि वर एकमताचा देखावा उरे. हालचालीच्या बाबतीत मात्र मतभेद जवळजवळ नसेच, कारण अतिदक्षतेतला रुग्ण बिछान्याला खिळलेला असतो, त्याला १ खेरीज दुसरा गुण देण्याचा प्रसंगच क्वचित. पण जेथे सर्वांना एकच उत्तर आहे, तेथल्या एकमताची किंमत काय करावी?

संवेदनेच्या रकान्याने मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले. गियाँ-बारे झालेला एक तरुण आमच्याकडे व्हेंटिलेटरवर होता. मानेखालचे सर्व स्नायू लुळे, घशात नळी, त्यामुळे वाचा नाही. पण पूर्ण शुद्धीवर, डोळ्यांच्या उघडझापीने होय-नाही सांगणारा, आणि पाठीखाली चादरीची एक चुणी पडली तरी ती जाणवणारा. सकाळच्या सिस्टरने त्याला संवेदनेत ४ दिले, कारण त्याला सर्व समजते व सर्व जाणवते. दुपारच्या ब्रदरने १ दिला, कारण त्याच्या मते जे सांगता येत नाही ते नसल्यासारखेच, आणि रुग्ण काही कण्हतही नाही. ब्रेडनचे पत्रक नीट वाचले तर ही बाब निव्वळ जाणिवेची नाही. दाबाने होणारी पीडा कळणे आणि ती कोणाला तरी कळविता येणे, या दोहोंची ती मिळून आहे, आणि अशा रुग्णाला, जो आज्ञा समजतो पण आपली अस्वस्थता दर वेळी सांगू शकत नाही, ३ गुणांचे वर्णन अधिक जवळचे पडते. मी दोघांना समोरासमोर बसविले. ब्रदर म्हणाला, “मॅडम, त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही, तर त्यानं डोळे मिचकावून उपयोग काय?” पत्रकाच्या भाषेत हे बसत नव्हते, परंतु त्या विभागाच्या वस्तुस्थितीचे इतके अचूक वर्णन मी त्यापूर्वी ऐकले नव्हते. त्या दिवसापासून त्या मुलाच्या बाबतीत दर तासाला, जवळ जाऊन, पाठ दुखते का एवढे विचारून डोळ्यांचे उत्तर घेण्याचा नियम झाला. हा नियम आकड्यातून निघाला नाही; दोन आकडे जुळले नाहीत म्हणून निघाला.

ओलाव्याचे गाऱ्हाणे निराळे. खरिपात कपाशीवर फवारणी सुरू झाली की सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण आमच्याकडे येत. कोणी वाऱ्याच्या उलट दिशेने फवारताना बाधलेले, कोणी, दुर्दैवाने, ते प्यालेले. येताना असा रुग्ण घामाने, लाळेने आणि हगवणीने न्हालेला असतो; ॲट्रोपिनचा अंमल चढला की काही तासांत तीच त्वचा कोरडी व तापलेली होते. दुपारी दोनला जिने १ गुण लिहिला ती आणि सायंकाळी जिने ४ लिहिला ती, दोघीही आपापल्या जागी खऱ्या होत्या. अशा ठिकाणी आकड्यांची तफावत परिचारिकांत नसून रुग्णातच असते, आणि म्हणून दोघींच्या एकमताची परीक्षा घ्यावयाची तर ती एकाच घटकेला घेतली पाहिजे, हे मला या शेतकऱ्यांनी शिकविले.

शिवाय पत्रक ओलाव्याचे माप चादरींवरून घेते. पाळीला निदान एकदा चादर बदलावी लागत असेल तर २, दिवसातून एखादी जादा लागत असेल तर ३, अशी त्याची भाषा आहे. ज्या देशात ते लिहिले गेले तेथे चादर लागली की कपाटातून काढतात. आमच्याकडे चादर धोब्याकडून आली की बदलते. कपड्यांच्या कोठीत माल नसेल त्या दिवशी ड्रॉ शीटखालचे रबरी मॅकिन्टॉश पुसून तेच पुन्हा पसरतात, आणि एखादी प्रामाणिक सिस्टर पत्रकाबरहुकूम लिहू लागली तर भिजलेल्या रुग्णाला, केवळ चादर बदलली नाही या सबबीवर, कोरडेपणाचे पूर्ण गुण मिळतात. दुसरी तितकीच प्रामाणिक सिस्टर चादर न मोजता पाठीखाली हात घालते आणि १ लिहिते. दोघींना पुन्हा प्रशिक्षणाला पाठवावे असे सुचविणारा कागद एकदा वरून आला होता. कोठीला चादरी पाठवाव्यात असे त्यात लिहिलेले नव्हते.

आहाराविषयी थोडक्यात सांगते. पाच दिवसांहून अधिक काळ तोंडाने व नळीने काही न गेल्यास १, नळीने अपुरे अन्न जात असल्यास २, गरजेपुरते जात असल्यास ३, ही विभागणी कागदावर स्वच्छ आहे. परंतु डॉक्टरांनी लिहिलेले अन्न आणि रुग्णाच्या पोटात पोचलेले अन्न यांत फरक पडतो. राइल्स ट्यूबमधून मागचे अन्न परत आले म्हणून दोन वेळा थांबविले, स्कॅनसाठी एक वेळ चुकले, तर हिशेबात ३ आणि प्रत्यक्षात २. जिने हुकूम वाचला तिचे गुण वेगळे, जिने सिरिंज धरली तिचे वेगळे.

या चिठ्ठ्यांचा मेळ कसा घालावा, हे पाहताना मला संख्याशास्त्रातल्या एका जुन्या कल्पनेचा आधार सापडला. दोन परीक्षक शंभरातल्या किती प्रकरणांत एकमत झाले, एवढे मोजून भागत नाही. त्यांतले किती एकमत निव्वळ योगायोगाने झाले असते ते वजा करावे लागते, आणि जेकब कोहेन याने १९६० मध्ये कप्पा नावाचे माप मांडले ते याचसाठी. आता अतिदक्षतेत असे होते की ब्रेडनच्या १८ च्या रेषेखाली जवळजवळ प्रत्येक जण असतो. समजा, दोन परिचारिकांनी डोळे मिटून शंभरातल्या ९५ जणांना ‘धोका आहे’ असे लिहिले, तरी त्यांचे एकमत नव्वदांहून अधिक ठिकाणी होणारच. तेव्हा आमच्या विभागात धोक्याबाबत नव्वद टक्के एकमत आहे, असे जे सादरीकरणात मोठ्या अक्षरांत दाखविले जाते, ते डोळे मिटूनही साधणारे यश असू शकते.

याविषयी परदेशात शोधून पाहिलेले आहे. जान कोटनर आणि थियो डासन यांनी जर्मनीतील दोन अतिदक्षता विभागांत एकाच रुग्णाचे गुण वेगवेगळ्या परिचारिकांकडून स्वतंत्रपणे लिहवून घेतले, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ब्रेडनच्या बेरजेवर बऱ्यापैकी, तर वॉटरलोच्या लांब यादीवर त्याहून स्पष्टपणे कमी एकमत दिसले. मला त्याचे नवल वाटले नाही; यादी जितकी लांब आणि शब्द जितके सैल, तितके मतांना पांगण्यास रान मोकळे. परंतु याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट ब्रिस्बेनची. तेथे १,२३१ रुग्णांवर, वॉटरलोचे पत्रक, दुसरे एक पत्रक आणि परिचारिकेचा निव्वळ अनुभवी अंदाज, अशा तीन रीतींची तुलना झाली, आणि २०११ मध्ये तिचा निष्कर्ष आला तो असा की व्रणांच्या प्रमाणात काही फरक पडला नाही. ते रुग्ण अतिदक्षतेतले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी पत्रक भरल्याने पाठ वाचते ही श्रद्धा मात्र त्यानंतर मला तितक्याच भक्तीने बाळगता आली नाही.

पुण्याच्या खाजगी रुग्णालयात आणखी एक प्रकार पाहिला, आणि तो आकडेशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात नसावा. तेथे व्रण झाला की खुलासा मागितला जाई. रुग्णाचा आकडा आधीपासून ९ किंवा त्याखाली असेल तर व्रण अटळ होता अशी मखलाशी करता येई. आकडा १५ असेल तर सिस्टरची धडगत नसे. परिणामी, दाखल होताच प्रत्येकाला ८ किंवा ९ देण्याची वहिवाट पडली. मग प्रत्येक ८-९ ला हवेची गादी पाहिजे असा नियम निघाला; गाद्या होत्या मोजक्याच, आणि एका आठवड्यात रुग्णांचे आकडे आपसूक १० व ११ वर चढले. त्या काळातले परिचारिकांमधील एकमत अप्रतिम होते. शार्कोचा आश्रय घ्यावयाचा की नाइटिंगेलचा रोष पत्करावयाचा, हे गाद्यांच्या संख्येवर ठरत होते, एवढेच.

आणि पुष्कळ काही असे आहे जे या सहा बाबींत मावतच नाही. रक्तदाब टिकविणाऱ्या औषधांनी त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो, त्याचा रकाना नाही. बायपॅपचा मास्क नाकाच्या हाडावर, नळी बांधलेली फीत ओठाच्या कोपऱ्यावर, ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटावर रुततो, त्याचाही नाही. न्यूमोनिया टाळण्यासाठी डोक्याकडची बाजू तीस अंश किंवा अधिक उचलून ठेवावयाची, आणि तेवढ्यानेच रुग्ण खाली घसरून माकडहाडाजवळची कातडी ओढली जाते. येथे एक आदेश दुसऱ्याच्या मुळावर येतो. करोनाच्या काळात रुग्णांना तासन्‌तास पालथे ठेवले तेव्हा पाठी सुखरूप राहिल्या आणि हनुवट्या, गाल व कपाळे सोलवटली. अतिदक्षतेसाठी म्हणून कबिन आणि जॅक्सन यांनी १९९१ मध्ये एक निराळे पत्रक काढले होते, त्यात रक्ताभिसरण व श्वसन यांना जागा आहे. पण आपल्याकडे तपासणीला येणारे ब्रेडनच विचारतात, म्हणून ब्रेडनच भरले जाते.

आपल्या लोकांच्या त्वचेविषयीही कोणी फारसे बोलत नाही. व्रणाची पहिली पायरी म्हणजे बोटाने दाबल्यावर पांढरी न पडणारी लाली, असे पुस्तकांत असते आणि चित्रात गोरी पाठ असते. उन्हात राबलेल्या काळ्यासावळ्या पाठीवर ती लाली दिसत नाही. तेथे हाताच्या पालथ्या बाजूने आजूबाजूच्या कातडीशी ताडून पाहावे लागते, की ही जागा अधिक गरम आहे काय, घट्ट किंवा पिचपिचीत लागते काय, रंग जांभळट झाला आहे काय. हे मला कोणत्याही वर्गात शिकविले नव्हते. जखमा धुऊन हात तयार झालेल्या एका मावशींनी शिकविले. “ताई, डोळ्यानं नाही, हातानं बघा,” एवढेच त्या म्हणाल्या होत्या. त्यांची गुणपत्रकावर सही लागत नाही. पण रोज स्पंज देताना पाठ सर्वांत आधी त्यांच्याच हाताखाली येते, म्हणून माझ्या विभागात ओव्हरच्या वेळी त्यांनाही विचारावे असा प्रघात मी पाडला.

माझा निर्णय विचाराल तर असा आहे. ब्रेडनचे पत्रक टाकून देऊ नये, कारण नवशिक्या मुलीला कोठे पाहावे हे ते शिकविते; परंतु अतिदक्षतेत त्याच्या बेरजेवरून कोणाला गादी द्यावी आणि कोणाला न द्यावी हे ठरवू नये, आणि एका परिचारिकेने एकटीने लिहिलेला, कालच्या आकड्याखाली जसाच्या तसा बसलेला आकडा पुरावा म्हणून तर मुळीच धरू नये. दोघींनी वेगवेगळा लिहिलेला, आणि जुळला नाही तेथे दोघींनी पुन्हा पाठ उघडून पाहिलेला आकडा, मग तो आठ असो की चौदा, मला विश्वासार्ह वाटतो. यास खर्च फार नाही. तक्ते छापणाऱ्यांनी त्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखून द्यावा, मागच्या पाळीचा आकडा त्या पानावर दिसणार नाही अशी व्यवस्था करावी, कोठीला चादरी द्याव्यात, आणि रुग्णाला कुशीवर घेण्यास प्रत्येक पाळीला दुसरे माणूस द्यावे. कारण बेशुद्ध माणसाची पाठ एकटीला उलटवता येत नाही.